बलक माझा, पांढरं घरच्यांचं

चित्रकलेच्या क्लासच्या बाई म्हणाल्या, हात बसवायचा असेल तर जुन्या मास्तरांच्या चित्रांची नक्कल करा. मी शहाण्याने न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधली दुच्चो या चित्रकाराची मॅडोना, म्हणजे बाळ येशूला घेतलेली मेरी, निवडली, इटलीतल्या सिएनाची, साधारण १३०० सालची. का, तर साइज! चौकटीसकट २८ बाय २१ सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या वहीएवढी, म्हटलं दोन वीकेंडात उडवू. चौकटीची खालची कड पूर्वी समोर लावलेल्या मेणबत्त्यांनी जळलीये, तेवढं मात्र आपण करायचं नाही असं ठरवलं.

रंगाला हात लावेपर्यंतच महिना गेला. आधी फळीवर जेसो, म्हणजे खडूची पूड आणि सशाच्या कातड्याचा सरस, त्याचे आठ हात. सरस गॅसवर गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेला आणि नेमकी त्या दिवशी संकष्टी.
"काय शिजतंय?" बायकोने विचारलं.
"सरस."
"कशाचा?"
इथे मला खोकला आला. ते पातेलं आता कायमचं माझं.

मग अंडी, कारण या चित्रांचा रंग, म्हणजे टेम्पेरा, बलकात कालवतात. बलक या तळहातावरून त्या तळहातावर घोळवायचा, दर वेळी रिकामा हात पुसायचा, कोरडा झाला की पापुद्रा चिमटीत धरून उचलायचा, खालून टोचायचं, बलक वाटीत आणि चिमटीत नुसती पिशवी. वाचायला सोपं आहे, माझे पहिले चार बाहीत गेले. चेन्नीनो चेन्नीनी नावाच्या चित्रकाराने १४०० च्या आसपास लिहून ठेवलंय की तरुण चेहऱ्याला शहरी कोंबडीचा फिकट बलक घ्या, म्हाताऱ्याला गावठीचा. मी जर्सी सिटीच्या दुकानात अंड्यांचे खोके उलटेसुलटे करून कोंबडीचा पत्ता शोधतोय! आणि उरलेलं पांढरं? सहा आठवडे घरात पांढरं ऑम्लेट. लेक म्हणाली, बाबा, वॉटरकलर का नाही शिकत?

सोन्याचा वर्ख तर विचारूच नका. वर्खाखाली लावलेल्या लाल मातीवर तोंडाने वाफ द्यायची, चष्म्याच्या काचेवर देतो तशी, की वर्ख चिकटतो, पण वर्ख हातात असताना श्वास रोखायचा. माझी वेळ चुकली. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मिशीत सोनं.

चेहऱ्याला आधी सगळा हिरवा, मग त्यावर गुलाबी. टेम्पेरा लावता लावता वाळतो, घोटायला सवडच देत नाही, म्हणून रेघेला रेघ लावत जायचं, बाळाच्या एका गालाला दोन संध्याकाळी. ते बाळ आईचा पदर हाताने बाजूला सारतं, ती चार बोटं मी नऊ वेळा खरवडली, तरी भेंड्याच दिसतात. त्यात आईचा सांगलीहून व्हिडिओ कॉल.
"अरे, बाळाचं पोट बिघडलंय का? हिरवं पडलंय."
म्हटलं आई, पद्धतच आहे ती, कित्येक जुन्या चित्रांतला वरचा गुलाबी झिजून हिरवा दिसतो.
"मग सातशे वर्षं कोणी बघितलं नाही त्याच्याकडे?"

शेवटी आईचाच हुकूम सुटला, देवाचं चित्र असं बुटांच्या रॅकवर ठेवू नये. बायकोने उचलून देव्हाऱ्यात टेकवलं, आणि आठवड्याच्या आत निरांजनाने खालची कड जळली. बाई फोटो बघून म्हणाल्या, हे मात्र हुबेहूब जमलंय.