नापोलीत पिझ्झा कुठे खावा? मावशीच्या फॉरवर्डला उत्तर

माझी मावशी सप्टेंबरात इटलीला चालली आहे. अठरा जणांचा ग्रुप, बहुतेक सगळे साठी ओलांडलेले. पाँपेई बघून झालं की नापोलीत, म्हणजे आपल्या भाषेत नेपल्समध्ये, त्यांना तीन तास मोकळे आहेत. त्या वेळात ‘अस्सल’ पिझ्झा खायचा हे ठरलंय. तिकीट निघायच्या आधीच ग्रुपवर मेसेज फिरायला लागला. मला तो मावशीकडून आला, मग दोन मित्रांकडून, मग सोसायटीच्या ग्रुपवर. थोडक्यात तो असा:

“नेपल्सला अस्सल पिझ्झा एकाच ठिकाणी मिळतो, १८७० सालच्या ‘दा मिकेले’मध्ये. जगातला पहिला मार्गारिता पिझ्झा इटलीच्या राणीसाठी १८८९ मध्ये इथेच बनला. रांग जितकी मोठी तितका पिझ्झा खरा. अस्सल पिझ्झ्यावर म्हशीच्याच दुधाचं मोझरेला आणि ऑलिव्ह ऑइलच असतं. मधला भाग ओला असेल तर तो कच्चा, परत पाठवा. दारावर युनेस्कोचं सर्टिफिकेट बघा. तळलेला पिझ्झा टुरिस्टांसाठी काढलाय. शाकाहारींनी मरिनारा टाळावा, त्यात मासे असतात.” खाली जोडलेले हात, तीन वेळा.

मी कामानिमित्त दीड वर्ष नापोलीत राहिलो. त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवेना.

एकाच ठिकाणी आणि मोठ्या रांगेत

दा मिकेले जुनं आहे, चांगलं आहे, यात वाद नाही. फोर्चेल्ला नावाच्या वस्तीच्या कडेला, चेझारे सेर्साले नावाच्या गल्लीत. दारात नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि फुटपाथवर उभं राहायचं. ताटाबाहेर लोंबणारा पिझ्झा येतो आणि तो खरंच सुंदर असतो. पण तिथली आजची रांग पिझ्झ्यापेक्षा सिनेमाची आहे. २०१० च्या एका हॉलिवूडपटात जुलिया रॉबर्ट्सने इथे बसून पिझ्झा खाल्ला, आणि तेव्हापासून अर्धं जग तिथे चिठ्ठी घेऊन उभं आहे. पलीकडे त्रिब्युनाली रस्त्यावर ‘दी मात्तेओ’मध्ये १९९४ साली जी-७ परिषदेला आलेला बिल क्लिंटन पिझ्झा खाऊन गेला. फोटो लागले, तिथेही गर्दी वाढली. रांगेवरून एवढंच कळतं की हे नाव पुष्कळ लोकांनी ऐकलंय.

दुसरं म्हणजे, पुण्यात ‘अस्सल मिसळ एकाच ठिकाणी’ असं कोणी लिहिलं तर खाली दोनशे लोक भांडायला येतील. नापोलीतही तसंच. माझ्या ऑफिसातल्या माणसांना विचारलं तर प्रत्येक जण स्वतःच्या घराखालचं नाव घ्यायचा आणि शेजाऱ्याच्या नावाला नाक मुरडायचा. पिझ्झा हे तिथलं रोजचं, स्वस्तातलं जेवण आहे. साध्या पिझ्झेरियात मार्गारिता अजूनही पाच ते आठ युरोंत मिळतो. त्यासाठी कोणी शहर ओलांडत नाही.

मावशीच्या ग्रुपने काय करावं? पाँपेईहून छोटी रेल्वे गारिबाल्दी स्टेशनला आणून सोडते. तिथून मेट्रोच्या एक नंबर लाइनने मातेर्देई स्टेशन गाठावं. तिथे १९०१ पासूनचं ‘स्तारीता’ आहे. वस्ती घरगुती, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे. शेजारच्या सानिता भागात ‘कोन्चेत्तिना आय त्रे सान्ती’ आहे. समुद्राकडे मेर्जेल्लिनाला ‘५० कालो’ आहे. त्या नावाचीही गंमत आहे: नापोलीत स्वप्नांचे अर्थ लावून लॉटरीचे आकडे लावायची पद्धत आहे, त्यात ५० म्हणजे पाव, आणि कालो म्हणजे ग्रीकमध्ये छान. गर्दी याही ठिकाणी होते, पण साडेबारालाच पोचलात तर टेबल मिळायची शक्यता चांगली. रविवार आणि ऑगस्टचा मध्य मात्र सांभाळा, तेव्हा अनेक पिझ्झेरिया बंद असतात.

राणीची गोष्ट

मेसेज लिहिणाऱ्याने इथे दोन दुकानांची खिचडी केली आहे. राणी मार्गारिताची कथा दा मिकेलेची नाहीच. ती ‘ब्रांदी’ नावाच्या पिझ्झेरियाची आहे, किआया रस्त्याजवळच्या चढावरची. कथा सगळ्यांना पाठ आहे: १८८९ मध्ये रफाएले एस्पोझितो या पिझ्झेवाल्याने राणीसाठी तीन पिझ्झे केले, तिला टोमॅटो, मोझरेला आणि तिथल्या तुळशीचा (बेसिलचा), म्हणजे इटलीच्या झेंड्याच्या तीन रंगांचा पिझ्झा आवडला, म्हणून त्याला तिचं नाव. १९८९ मध्ये ब्रांदीने शंभर वर्षांची संगमरवरी पाटीही लावली.

या कथेचा पुरावा म्हणून राजवाड्यातल्या कामिल्लो गाल्ली नावाच्या अधिकाऱ्याचं एक पत्र दाखवतात, जून १८८९ चं. ते वाचलं तर त्यात म्हटलंय इतकंच की राणीसाठी केलेले तीन प्रकारचे पिझ्झे फार छान लागले. मार्गारिता हे नाव पिझ्झ्याला दिल्याचा त्यात उल्लेख नाही. झेंड्याचाही नाही. शिवाय पत्र ज्याच्या नावे आहे त्या एस्पोझितोला मागे ‘ब्रांदी’ जोडलंय, आणि ब्रांदी हे त्याच्या बायकोचं माहेरचं आडनाव! १८८९ मधला इटालियन पुरुष बायकोचं आडनाव कशाला लावेल? झॅकरी नोवाक या इतिहासकाराने २०१४ मध्ये त्या पत्राचा शिक्का आणि अक्षर तपासून ते बनावट असल्याचं मांडलं. दुकानाची जाहिरात करायला पुढे कधीतरी तयार केलेलं, असं त्याचं म्हणणं.

आणि चीज-तुळशीचा पिझ्झा त्याआधीही होताच. दे बूर्कार नावाच्या संपादकाने छापलेल्या नापोलीच्या चालीरीतींवरच्या पुस्तकात, म्हणजे राणी यायच्या कितीतरी आधी, पिझ्झ्यावर घालायच्या जिनसांची यादी आहे. त्यात तुळस आहे, मोझरेलाचे पातळ काप आहेत, टोमॅटोही आहे. म्हणजे राणीने फार तर आधीपासून रस्त्यावर मिळणारी वस्तू चाखली. गोष्ट म्हणून सांगायला माझी हरकत नाही. आपल्याकडेही निम्म्या पदार्थांच्या मागे कोणीतरी पेशवा उभा असतोच.

म्हैस आणि ऑलिव्ह

इथे मेसेज स्वतःच्याच पायात पाय अडकवून पडतो. अस्सल म्हणजे म्हशीचं मोझरेला आणि ऑलिव्ह तेल, असं तो म्हणतो आणि पाठवतो कुठे, तर दा मिकेलेला. तिथे पिझ्झ्यावर गाईच्या दुधाचं ‘फियोर दि लात्ते’ असतं, आमाल्फीच्या वरच्या डोंगरातल्या आजेरोलाचं, आणि तेल ऑलिव्हचं नाही, बियांचं, साधं. त्यांची तीच जुनी पद्धत आहे. मेसेजची कसोटी लावली तर जगातलं ‘एकमेव अस्सल’ दुकान नापास होतं.

गाईचं चीज म्हणजे फसवणूक असं काही नाही. म्हशीच्या मोझरेलात पाणी जास्त, ते पिझ्झ्यावर सुटतं, म्हणून ते आधी निथळून घ्यावं लागतं. म्हशीचंच हवं असेल तर मेनूवर ‘बुफालिना’ किंवा ‘कोन बुफाला’ शोधा आणि एखाद-दोन युरो जास्त मोजा. आपण म्हशीच्या दुधावर वाढलेली माणसं, आपल्याला ते आवडणारच. पण दोन्ही तिथलेच प्रकार आहेत.

मधोमध ओला

या एका ओळीमुळे मावशी वेटरशी भांडेल याची मला खरी भीती आहे.

एकदा मी भट्टीसमोरच्या टेबलावर बसून मोबाइलवर सेकंद मोजले होते. संगमरवरी ओट्यावर एक माणूस. त्याने ट्रेमधून पिठाचा गोळा उलथन्याने उचलला, मैद्यात लोळवला आणि बोटांनी मधून कडेकडे दाबत गेला, आतली हवा सगळी कडेला ढकलत. मग तो गोल या हातावरून त्या हातावर आपटला, दोन-तीनदा. मधून सुरू करून गोल गोल फिरवत टोमॅटो, चीज, तुळशीची पानं, लांब चोचीच्या तांब्याच्या भांड्यातून तेल. सगळं मिनिटाच्या आत. भट्टीवरचा माणूस वेगळा. त्याने पिझ्झा आत सरकवला, लांब दांड्याच्या छोट्या फळीने दोनदा फिरवला, शेवटी क्षणभर वर छताच्या आचेला धरला. मी मोजले: ७० सेकंद.

भट्टी ४३० ते ४८५ अंशांवर असते आणि पिझ्झा आत राहतो ६० ते ९० सेकंद. एवढ्या वेळात पीठ शिजतं, कड फुगते, पण टोमॅटोचं आणि चीजचं पाणी आटत नाही. म्हणून मध्यभागी ओलावा राहतो, आणि तो राहायलाच हवा. नापोलीच्या पिझ्झ्याला २०१० मध्ये युरोपीय संघाने नोंदणी दिली, त्या नियमांतच लिहिलंय की तो मऊ, लवचीक आणि पुस्तकासारखा घडी घालता येईल असा असावा. मध्ये तर त्याची जाडी अर्धा सेंटिमीटरही नसते. कडक, कुरकुरीत हवा असेल तर तो रोमचा पिझ्झा. ते वेगळं शहर.

कच्चा आहे का हे बघायचंच असेल तर कड फाडून बघा. आत जाळी असली पाहिजे, चिकट पिठाचा गोळा नको. खालची बाजू उचला: भाकरी निखाऱ्यावर टाकल्यावर पडतात तसे डाग दिसले की झालं. त्या डागांना ‘करपलाय’ म्हणू नका. पिझ्झा कापून येत नाही, एकाला एक अख्खा येतो, सुरी-काट्याने खायचा. “आम्ही चौघांत दोन घेऊ” म्हटलंत तर मिळेल, पण वेटरचा चेहरा बघू नका.

युनेस्को आणि तळलेला

युनेस्कोने डिसेंबर २०१७ मध्ये सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली ती नापोलीच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला. पीठ मळण्यापासून भट्टीपर्यंतचं हातातलं कसब. ते कुठल्याही एका दुकानाला दिलेलं प्रशस्तिपत्र नाही, त्यामुळे दारावर ते शोधण्यात अर्थ नाही. दारावर दिसते ती पाटी बहुधा १९८४ साली स्थापन झालेल्या पिझ्झेवाल्यांच्या संघटनेची असते. सभासद व्हायचं की नाही हे दुकानदार ठरवतो.

तळलेला पिझ्झा टुरिस्टांसाठी काढलाय हे तर उलटंच. दुसऱ्या महायुद्धानंतर भट्टी पेटवणं परवडेना तेव्हा बायका घराच्या दारात कढई ठेवून पिझ्झा तळून विकायच्या. त्याला ‘ओज्जे आ ओत्तो’ म्हणत: आज खा, आठ दिवसांनी पैसे दे. म्हणजे चक्क उधारीची वही. एवढंच लक्षात ठेवा की त्यात रिकोत्ताबरोबर ‘चिकोली’ घालतात, ते डुकराच्या चरबीचे तुकडे असतात.

मरिनारा

मेसेजमधली सगळ्यात वाईट चूक हीच, कारण शाकाहारी माणसाला नापोलीत मिळणारा सगळ्यात निर्धोक पिझ्झा मरिनाराच आहे. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल. बस. नाव दर्यावर्दी लोकांवरून पडलं, मासा त्यात नाही, चीजही नाही. उलट मार्गारिता तितका निर्धोक नाही: म्हशीच्या मोझरेलाच्या अधिकृत नियमांत वासराच्या जठरातून काढलेलं विरजण, म्हणजे रेनेटच लागतं, आणि वरून भुरभुरतात त्या पार्मेझान किंवा पेकोरिनोतही प्राण्यांचं रेनेट असतं. अंडंही न खाणाऱ्यांना हे सांगायलाच हवं. (मेनूवर ‘पेपेरोनी’ दिसलं तर घाबरू नका. इटलीत त्याचा अर्थ ढोबळी मिरची.)

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अरे पण सप्टेंबर म्हणजे चातुर्मास. लसूण चालत नाही.”

मग मी तिला दोन शब्द पाठ करून दिले: सेन्त्सा आल्यो, लसणाशिवाय. आता ती रोज संध्याकाळी देवघरात दिवा लावल्यावर ते मोठ्याने म्हणते. मातेर्देईच्या ओट्यावरचा माणूस तिच्याकडे कसा बघेल ते मला डोळ्यांसमोर दिसतंय.