विविध ठिकाणचा पदपथ

आमची महानगरपालिका माहिती दडवते, असा आरोप करणाऱ्यांनी तिचे अंदाजपत्रक एकदा मांडीवर घेऊन बसावे. दडवणे दूरच, ती माहिती अशी सढळ हाताने ओतते की माणूस तीत बुडून जातो. संकेतस्थळावर हे अंदाजपत्रक आडवे स्कॅन करून टाकलेले असल्यामुळे, ते वाचण्यासाठी एकतर संगणक आडवा करावा लागतो किंवा वाचकाला आडवे व्हावे लागते. मी दुसरा मार्ग पत्करला. मला हवे होते ते इतकेच: आमच्या गल्लीतल्या पदपथाचे धडधाकट पेव्हर ब्लॉक मार्च महिन्यात उखडून त्या जागी हुबेहूब तसेच दुसरे बसवण्यात आले, त्याला किती पैसे लागले?

मुंबई महापालिकेचे 2025-26 चे अंदाजपत्रक 74,427 कोटी रुपयांचे होते. त्या मानाने आमची महापालिका लिंबूटिंबू. तरीही महसुली आणि भांडवली, मूळ आणि सुधारित अशा रकान्यांतून वाट काढत प्रभागापर्यंत पोचायला मला अख्खी दुपार लागली. कायद्याने आयुक्तांनी अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करायचे आणि समितीने ते सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचे, असा शिरस्ता आहे. परंतु 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक महापालिकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकांपर्यंत आयुक्तच प्रशासक म्हणून बसल्यामुळे, आयुक्तांनी ते प्रशासकांना सादर केले, प्रशासकांनी आयुक्तांच्या सूचना विचारात घेतल्या आणि अंदाजपत्रक एकमताने मंजूर झाले. आमचा पदपथ त्याच सलोख्याच्या काळातला. अंदाजपत्रकात मात्र आमच्या गल्लीचे नाव कोठेच नव्हते. होते ते असे: ‘प्रभागातील विविध ठिकाणी आवश्यकतेनुसार पदपथ दुरुस्ती करणे व अनुषंगिक स्थापत्यविषयक कामे करणे.’ समोरच्या मूळ तरतुदीच्या दुप्पट सुधारित तरतूद होती, कारण मध्यंतरी व्यायामशाळेसाठी ठेवलेल्या रकमेचे वर्गीकरण होऊन ती पदपथाकडे वळली होती. दिवाळीच्या कपड्यांचे पैसे शेगडीत गेले, तर आमच्या घरी निदान दोन दिवस अबोला तरी असतो. येथे एका ठरावात सगळे गुण्यागोविंदाने पार पडले.

मग माहितीचा अधिकार. 2005 च्या या कायद्यान्वये जोडपत्र ‘अ’ मधील अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला की 30 दिवसांत माहिती मिळाली पाहिजे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणतः 150 शब्दांच्या आत हवा. पालिकेच्या कोणत्याही कामाचे पूर्ण नाव, त्याचे लेखाशीर्ष आणि आमच्या गल्लीचा ‘दत्तमंदिराच्या मागील बोळापासून बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीपर्यंत’ असा ठावठिकाणा लिहून झाल्यावर प्रश्न विचारण्यापुरते थोडेच शब्द उरतात. मी ते काटकसरीने वापरले.

मुदतीच्या अखेरच्या दिवशी उत्तर आले. मागितलेली माहिती विस्तृत स्वरूपाची असून ती संकलित करण्यात कार्यालयाची साधनसामग्री अवाजवी खर्ची पडेल, सबब अर्जदाराने समक्ष येऊन अभिलेखांचे अवलोकन करावे, असे त्यात म्हटले होते. खर्ची पडण्याविषयीची एवढी काळजी मला त्या सबंध अंदाजपत्रकात कोठे आढळली नव्हती. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील करण्याचा मार्ग मोकळा होता. परंतु सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात, असे कळल्यावर मी अपिलाचा नाद सोडला आणि शेजारच्या निवृत्त ओव्हरसियर साहेबांना बरोबर घेतले. आदल्या दिवशीच त्यांनी आपल्या पोलादी टेपने पदपथ तीन ठिकाणी मोजून ठेवला होता. सेवानिवृत्तीनंतर इतके तेज मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले नव्हते.

कार्यालयातील मॅडम सौजन्यमूर्ती होत्या. “बसा काका, नस्ती वरती सहीला गेलीय,” असे म्हणून त्यांनी आम्हाला पंख्याखालची खुर्ची दिली. नस्ती खाली उतरली तेव्हा पाचला वीस मिनिटे होती. लाल फडक्यातून पूर्वगणनपत्रक निघाले, निविदा निघाली, कार्यादेश निघाला आणि सर्वांत शेवटी मोजमाप पुस्तक निघाले. ओव्हरसियर साहेबांनी ते देव्हाऱ्यातली पोथी उघडावी तशा हळुवारपणे उघडले. लांबी, रुंदी, जाडी, परिमाण. ‘दत्तमंदिर परिसर’ अशी एक ओळ सापडली आणि तिच्यापुढे रुंदी होती 2.10 मीटर. विजेची डीपी आणि बिनपरवाना रसवंती यांच्या मधून जाणारा आमचा पदपथ टेपने सर्वत्र 1.35 मीटर भरला होता.

कनिष्ठ अभियंत्यांना बोलावण्यात आले. तरुण, नम्र माणूस. ते म्हणाले, “काका, ही सरासरी रुंदी आहे.”

“पण सरासरी एवढी यायची, तर कुठेतरी तो याहून रुंद असायला हवा ना?” ओव्हरसियर साहेबांनी विचारले.

“असेल ना. विविध ठिकाणी.”

दत्तमंदिराच्या ओळीची रक्कम वेगळी मिळेल का, या प्रश्नाला त्यांनी, देयक सबंध प्रभागाचे एकत्रित अदा झाले असल्यामुळे फोड करता येत नाही, असे सांगितले. संबंधित पाने प्रत्येकी 2 रुपये भरून आम्ही घेतली. ती रीतसर साक्षांकित आहेत.

निघताना मॅडमनी, पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवली आहेत, असे सांगून एक छापील अर्ज पुढे केला. मी कामाच्या रकान्यात ‘अंदाजपत्रकात प्रत्येक गल्लीचे नाव स्वतंत्रपणे नमूद करावे’ आणि अंदाजे खर्चाच्या रकान्यात ‘निरंक’ असे लिहिले. खर्च नसलेले काम संगणक घेत नाही, असे सांगून त्यांनी माझ्यासमोरच तेथे एक लाख रुपये असा आकडा टाकला.

सूचना मान्य झाली आहे. नव्या अंदाजपत्रकात, पुन्हा आडवे होऊन शोधल्यावर, ती सापडली: ‘प्रभागातील विविध ठिकाणी आवश्यकतेनुसार गल्ल्यांचे नामफलक बसविणे व अनुषंगिक कामे करणे’, तरतूद एक लाख.