ब्रोशरमधली कमान

पुतण्यासाठी पाहिलेल्या निवासी शाळेचं ब्रोशर दादानं व्हॉट्सॲपवर टाकलं. टोकदार कमान, घड्याळाचा मनोरा, समोर हिरवंगार लॉन, माणूस एकही नाही. खाली ओळ, "अगदी तुमच्या इंग्लंडसारखं." मी लिहिलं, इमारत शिकवत नसते. वहिनींचं उत्तर आलं, "तिथं बसून सांगायला काय जातंय, भावोजी?" तेव्हापासून डोकं फिरलंय.

मी लंडनमधल्या हॅरोच्या टेकडीखाली राहतो. वर हॅरो स्कूल, बड्यांच्या पोरांची निवासी शाळा. टेस्कोची पिशवी घेऊन चढताना स्ट्रॉ हॅटवाली पोरं समोरून येतात, बाजूला सरायचं ते आपणच. दादाची कमान मूळची असल्याच टेकड्यांवरची. जॉन लायन या शेतकऱ्यानं 1572 मध्ये ही शाळा काढली ती गावच्या पोरांना फुकट शिकता यावं म्हणून. पुढं पैसेवाल्यांचीच पोरं भरली, आणि गावच्यांसाठी 1876 मध्ये निराळी शाळा काढावी लागली. मधल्या काळात वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं टोकदार कमानींचं गॉथिक ग्रंथालय उठलं, हिल्स अँड साँडर्स या फोटोवाल्यांचे कॅमेरे आले. तेव्हा रसायन लावलेल्या ओल्या काचेवर फोटो घ्यायचा म्हणजे सेकंदच्या सेकंद थांबायचं. भिंत जागची हलत नाही, तिची वीट न् वीट उमटते. श्वास रोखून उभे राहिलेले साहेबांचे चिरंजीवही उमटतात. झाडू मारत पुढं सरकणाऱ्याचा मात्र फार तर धुरकट डाग होतो. हे सगळं दादाला टाइप करून पाठवलं. त्यानं अंगठा टाकला.

आमच्या कोल्हापुरात बोर्डिंग म्हणजे गरिबाच्या पोराची सोय. शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा बोर्डिंग काढलं, नाव व्हिक्टोरियाचंच, पण आत खेड्यातली पोरं. आजोबा तिथंच राहून शिकले. हेही सुनावलं. मुद्दा बिनतोड होता. दादा गप्प.

मग पुतण्याचा मेसेज आला : "काका, तुझा डीपी कुठला आहे?"

डीपीत मी त्याच ग्रंथालयापुढं उभा आहे. बारा वर्षांत आत पाऊल टाकलेलं नाही. फोटो रविवारी सकाळी काढला, 'प्रायव्हेट'ची पाटी येणार नाही असा. लेकीला इलेव्हन प्लसची, म्हणजे इथल्या निवडक शाळांच्या प्रवेश परीक्षेची, शिकवणी लावलीय, तेही दादाला बोललेलो नाही.

खरं तर त्या दिवशी दोन फोटो काढले होते. पहिल्यात मागून पिवळ्या जॅकेटातला सफाईवाला गेला. तो डिलीट केला.