टोमॅटो, कोंबडीचं दूध आणि उसनी ऑन्टॉलॉजी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया चांगलीच झोंबली, म्हणून उत्तरही लांबलंय. तुमचं म्हणणं असं, की शेजारच्या विषयाची तयार ऑन्टॉलॉजी (म्हणजे त्या विषयातल्या संज्ञा, त्यांचे वर्ग आणि अटी यंत्राला कळतील अशा मांडलेली फाइल) वापरा हा माझा सल्ला कागदावरच बरा. निम्म्या संज्ञा लागू पडत नाहीत, आणि उरलेल्यांची कापाकापी करण्याच्या वेळात घरची नवी बनवून होते.

आधी कबुली. ‘जशीच्या तशी उचला’ असं मी लिहायला नको होतं. परवा तेच करून पाहिलं. ‘फळ’ वनस्पतिशास्त्रातलं घेतलं: फुलाच्या बीजांडकोशापासून तयार होतं ते. माझ्या बाजारभावाच्या फाइलीत ‘फळ’ आणि ‘भाजी’ हे दोन वर्ग होते, आणि एकच वस्तू दोन्हींत असू नये अशी अट. दोन्ही फाइली प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करून रीझनर (अटींवरून निष्कर्ष काढणारा आणि विसंगती पकडणारा प्रोग्राम) चालवला, तर टोमॅटो, वांगं, भेंडी सगळे लालेलाल, म्हणजे विसंगत. यंत्राच्या मते टोमॅटो नावाची वस्तू असूच शकत नाही! मंडईत ‘फळभाजी’ म्हणून हा वाद कधीच मिटलाय, पण यंत्राला ते कोणी सांगितलं नव्हतं.

आता बघा, चूक माझ्याच अटीत होती. कोरी पाटी घेऊन बसलो असतो तरी ती अट घातलीच असती, आणि ती उघडी पाडायला दुसरी फाइल नसती.

‘हे प्रत्यक्षात कुठे जमलंय ते दाखवा’ म्हणालात. जीन ऑन्टॉलॉजी, म्हणजे जनुकं काय काम करतात त्याच्या संज्ञांची ऑन्टॉलॉजी, १९९८ साली सुरू केली ती फळमाशी, यीस्ट आणि उंदीर यांच्या जनुकांच्या नोंदी ठेवणाऱ्या तीन गटांनी मिळून. यीस्ट एकपेशीय, उंदीर सस्तन. पण पेशीविभाजन, डीएनएची दुरुस्ती या गोष्टी दोघांतही चालतात, म्हणून संज्ञा एकच ठेवता आल्या. पुढे वनस्पती आणि जिवाणूही त्यातच आले. अडचण त्यांनाही आली, तुमच्यासारखीच. दोन जनुकं सारखी दिसली की संगणक एकाचं काम दुसऱ्याला चिकटवतो, आणि मग कोंबडीच्या जनुकापुढे ‘दुग्धस्रवण’ लागायची वेळ येते. त्यावर त्यांनी कोंबड्यांसाठी वेगळी ऑन्टॉलॉजी काढली नाही. त्या संज्ञेला ‘फक्त सस्तन प्राण्यांत’ एवढी अट जोडली आणि तपासणी यंत्रावर सोपवली.

कापाकापीचं म्हणाल तर अख्खी फाइल आणूच नका. मायरिऑट नावाची पद्धत आहे: हवी ती संज्ञा, तिचा मूळ आयआरआय (वेबपत्त्यासारखा तिचा ओळखपत्ता), ती कुठल्या ऑन्टॉलॉजीतली, आणि आपल्याकडे कोणत्या वर्गाखाली बसणार, बस्स. तोटा हा, की मूळच्या अटी मागेच राहतात आणि रीझनरला अर्धंच कळतं. म्हणून जिथे अटींवर काम अवलंबून आहे, तिथे संबंधित भाग त्याच्या अटींसकट, मॉड्यूल म्हणजे सुटा तुकडा म्हणून काढून आणावा लागतो. ते किचकट आहे, मान्य.

मूळवाले संज्ञा बाद करतात तेव्हा आपली पळापळ होते, हा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड. त्यावर माझ्याकडे आवृत्ती गोठवून ठेवण्यापलीकडे उपाय नाही.

तुमच्या नेमक्या कोणत्या संज्ञा अडल्या ते कळवा, बसून पाहू. त्यात बटाटा असेल तर आत्ताच सांगतो: तो मुळांखाली घालू नका, ते खोड आहे. रताळं घाला.