हंबकर अर्धा केला की स्ट्रॅट होत नाही, मान्य. म्हणून स्विचच काढून टाकायचा?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया जरा तिखट आहे, पण मुद्देसूद आहे, त्यामुळे दोन ओळींत आटपता येणार नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो: मॉडेलिंग गिटारमध्ये (आतल्या प्रोसेसरने दुसऱ्या गिटारांचे आवाज घडवणाऱ्या गिटारमध्ये) स्ट्रॅटोकास्टरपासून, म्हणजे स्ट्रॅटपासून, लेस पॉलपर्यंतचे आवाज आधीच भरलेले असताना तिच्या खऱ्या, चुंबकीय पिकअपना (तारेचं कंपन विजेत उतरवणाऱ्या भागांना) कॉइल स्प्लिट (दोन कॉइलच्या हंबकर पिकअपची एकच कॉइल चालू ठेवणारा स्विच) हवाच, हा माझा आग्रह म्हणजे निव्वळ जुनं खूळ. वर स्प्लिट केलेला हंबकर सिंगल कॉइलसारखा वाजतच नाही, ‘मरतुकडा’ वाजतो. आणि शेवटी विचारलंय की ब्रिजच्या (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात त्या बाजूच्या) हंबकरची कोणती कॉइल चालू ठेवावी. (वादही घालायचा आणि सोल्डरिंग आयर्नही तापत ठेवायची, हे मला आवडलं.)

आधी मरतुकडेपणाबद्दल, कारण तिथे आपलं फारसं भांडण नाही. गिब्सनमध्ये सेथ लव्हरने हंबकर बनवला आणि १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्याला भुणभुण घालवायची होती, दोन आवाज एकात बसवायचे नव्हते. दोन कॉइल उलट दिशेने गुंडाळलेल्या, त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट, आणि दोन्ही सिरीजमध्ये. तारेचा सिग्नल जुळून वाढतो, विजेच्या लाइनची भुणभुण एकमेकींना मारते. या जोडीतली प्रत्येक कॉइल एकटी काम करायला बनवलेलीच नाही. जुन्या पद्धतीच्या हंबकरच्या एका कॉइलला साधारण ५,००० वेढे असतात, स्ट्रॅटच्या पिकअपला ८,००० च्या आसपास. स्ट्रॅटमध्ये तारेखाली थेट चुंबकाच्या कांड्या असतात. हंबकरमध्ये खाली एक पट्टीचुंबक आणि वर पोलादी स्क्रू किंवा स्लग (बिनआट्याच्या कांड्या). म्हणजे अर्धा केल्यावर उरतो तो कमी वेढ्यांचा, वेगळ्या चुंबकाचा पिकअप. तो स्ट्रॅटसारखा का वाजावा? मी तसं कुठे लिहिलेलंही नाही.

पण अर्धवट वाजणं हा दर वेळी पिकअपचा दोष नसतो, बऱ्याचदा तो वायरिंगचा असतो. एक कॉइल सरळ ग्राउंडला शॉर्ट केली की सिग्नल साधारण निम्म्यावर येतो आणि खालचे सूर पोकळ होतात. त्याऐवजी दोन कॉइलच्या मधल्या जोडापासून ग्राउंडपर्यंत एक-दोन किलोओहमचा रेझिस्टर टाकून पाहा. दुसरी कॉइल पूर्ण मरत नाही, थोडी मागून ऐकू येत राहते. सिग्नलला वजन येतं आणि भुणभुणही किंचित कमी होते. दुसरा मार्ग म्हणजे स्प्लिटऐवजी दोन्ही कॉइल पॅरलल जोडणं. आवाज उघडा होतो आणि भुणभुण येतच नाही. मला स्वतःला नेकला (मानेकडच्या पिकअपला) पॅरलल आणि ब्रिजला रेझिस्टरवाला स्प्लिट सगळ्यात जास्त पटतो.

आता खरा वाद. मॉडेल आहे, मग स्विच कशाला?

मॉडेल काय करतं ते आधी बघू. २००२ मध्ये आलेल्या लाइन ६ कंपनीच्या मॉडेलिंग गिटारमध्ये, व्हेरिअ‍ॅक्समध्ये प्रत्येक तारेच्या सॅडलमध्ये (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यात) पिझो (दाबातून वीज करणारा सेन्सर) बसवलेला होता आणि चुंबकीय पिकअप एकही नव्हता. १९९५ च्या रोलंड व्हीजी-८ या प्रोसेसरने आणि २००७ च्या फेंडरच्या व्हीजी स्ट्रॅटने सहा तारांसाठी वेगवेगळा भाग असलेला चुंबकीय पिकअप वापरला. दोन्हींत मुद्दा एकच: सहा तारा सुट्या मिळवायच्या आणि पुढचं गणित प्रोसेसरने करायचं. सॅडलवर तारेचे सगळे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) हजर असतात. खरा पिकअप मात्र तारेच्या एका ठराविक जागेखाली बसतो आणि त्या जागी ज्या हार्मोनिकचा नोड (न हलणारा बिंदू) येतो तो त्याला ऐकूच येत नाही. स्ट्रॅटची स्केल (मोकळ्या तारेची लांबी) ६४८ मिलिमीटर, नेक पिकअप ब्रिजपासून साधारण १६२ मिलिमीटरवर, म्हणजे चौथ्या हिश्शावर. मोकळ्या तारेचा चौथा हार्मोनिक तिथे दबतो. बाराव्या फ्रेटवर बोट ठेवलं की कंप पावणारी तार निम्मी होते, पिकअप तिच्या बरोबर मध्यावर येतो आणि दुसरा हार्मोनिक दबतो. नेक पिकअपवर वर चढत गेलं की आवाज गोल, बासरीसारखा होतो तो यामुळे. मॉडेल हेच दबणं आकड्यांनी घडवतं, वर कॉइलचा रेझोनन्स (ती ज्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात जास्त दाद देते ते शिखर), पोटची (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरची) किंमत, टोन कपॅसिटर हे सगळं मांडतं. चांगलं मांडतं. व्हेरिअ‍ॅक्सच्या वर्कबेंच सॉफ्टवेअरमध्ये पिकअप उचलून हवा तिथे सरकवता येतो, तिरका करता येतो. आणि सिंगल कॉइलचं मॉडेल कितीही गेनवर भुणभुणत नाही. स्टेजवर दिव्यांचे डिमर चालू असतील आणि सिंगल कॉइलचा आवाज हवा असेल, तर मीही बिनदिक्कत मॉडेलच लावीन. त्या बाबतीत स्प्लिटने हात टेकावेत.

फरक पडतो तो गिटारमधून बाहेर पडणाऱ्या वायरमध्ये. मॉडेलचा आउटपुट बफर केलेला, कमी इम्पीडन्सचा (विद्युत अडथळ्याचा) असतो. पुढे काय जोडलंय याचं त्याला सोयरसुतक नसतं. चुंबकीय पिकअप मात्र पुढच्या प्रत्येक गोष्टीशी गुंतलेला असतो. सहा मीटरच्या केबलची कपॅसिटन्स अंदाजे ६०० पिकोफॅरड धरली तर पूर्ण हंबकरचा रेझोनन्स ३ किलोहर्ट्झच्या जवळपास बसतो. तोच स्प्लिट केला की इंडक्टन्स निम्म्याखाली जातो आणि शिखर ४.५ किलोहर्ट्झच्या आसपास सरकतं. केबल बदलली की हे आकडे बदलतात, आणि ते आपल्या कानाला कळतं.

याचा सगळ्यात ठळक अनुभव फझमध्ये (आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या पेडलमध्ये) येतो. १९६६ च्या फझ फेससारख्या दोन ट्रान्झिस्टरच्या सर्किटचा इनपुट इम्पीडन्स इतका कमी असतो की पिकअपची कॉइल आणि गिटारचा व्हॉल्यूम पोट दोन्ही त्या सर्किटचाच भाग होऊन बसतात. स्प्लिट लावा, फझ पूर्ण उघडा, व्हॉल्यूम दहावर: जाड, लोकरीसारखा फझ. नॉब सातवर आणा: पिकअप आणि फझ यांच्यामध्ये रेझिस्टन्स वाढतो, गेन कोसळतो आणि कडेने घंटेसारखा, जवळपास क्लीन आवाज निघतो. प्लेक्ट्रम जोरात मारला की परत थोडा गुरगुरतो. आता याच फझला मॉडेलमधला सिंगल कॉइल द्या. आवाज कर्कश होतो, आणि नॉब सातवर आणला तर तो फक्त थोडा हळू कर्कश होतो. तिथे व्हॉल्यूम नॉब म्हणजे गणितातला एक आकडा आहे, फझला दिसणारा रेझिस्टन्स नाही. मॉडेल चांगलं की वाईट याच्याशी याचा संबंधच नाही. म्हणून तुमच्या पेडलबोर्डवर असा फझ असेल तर स्प्लिटचा स्विच हा मॉडेलला पर्याय नसून वेगळीच सोय आहे. बोर्डवर सगळंच डिजिटल असेल, तर तुमच्या म्हणण्यात बऱ्यापैकी दम आहे.

‘दोन्ही एकत्र मिसळू, मग भांडणच नको’ असंही तुम्ही सुचवलंय. लाइन ६ च्याच हीलिक्स या प्रोसेसरला चुंबकीय पिकअपही असलेली नंतरची व्हेरिअ‍ॅक्स जोडली तर मॉडेल आणि चुंबकीय पिकअप वेगळे घेता येतात, हे खरं. पण मॉडेलला गणित करायला वेळ लागतो. तो उशीर समजा एक मिलिसेकंद आहे आणि दोन्ही सिग्नल सारख्याच जोराचे आहेत, तर ५०० हर्ट्झवर ते एकमेकांना रद्द करतात, पुढे १,५०० वर, मग २,५०० वर. पहिल्या तारेचा सातवा फ्रेट ४९४ हर्ट्झला वाजतो. म्हणजे सोलो वाजवताना नेमका तोच सूर बसका निघतो आणि माणूस सेटअपला दोष देत बसतो. दोन्ही मिसळायचेच असतील तर एकाला पुरेसं खाली ठेवा, किंवा स्टिरिओत डावी-उजवीकडे टाका. आणखी एक: मॉडेलमध्ये ट्यूनिंग बदललेलं असेल तर चुंबकीय पिकअपला त्याचा पत्ता नसतो, तो तारेवर जे आहे तेच वाजवतो. दोन्ही चालू राहिले तर जे ऐकू येतं ते ऐकवत नाही.

बॅटरी संपली की मॉडेल गप्प आणि चुंबकीय पिकअप चालू, हा मुद्दा तुम्हाला ठाऊक असणारच.

आता कॉइल. ब्रिजची ब्रिजला चिकटलेली कॉइल ठेवाल तर आवाज बारीक, टोचरा येतो. आतली, नेकच्या बाजूची ठेवाल तर जरा भरीव. मी आतली ठेवीन. पण दोन्ही हंबकर स्प्लिट करणार असाल तर मधल्या पोझिशनचा (दोन्ही पिकअप एकत्र चालू असतात तिचा) विचार आधी करा. दोन्हींच्या स्क्रूवाल्या कॉइल बाहेरच्या बाजूला असतील, तर नेकची स्क्रूवाली आणि ब्रिजची स्लगवाली ठेवा. दोन्ही पिकअप एकाच जातीचे असले की या दोघी आपसात हंबकरसारख्या जुळतात आणि मधल्या पोझिशनला भुणभुण जाते. पिकअप दोन वेगळ्या कंपन्यांचे असतील तर यावर विसंबू नका. होकायंत्र पोलवर (स्क्रू किंवा स्लगच्या डोक्यावर) धरून ध्रुव तपासा, आणि जोडल्यावर मधली पोझिशन पोकळ वाजली तर एका पिकअपच्या वायर उलटवा.

चार वायरच्या पिकअपमध्ये मधला जोड ग्राउंडला नेला तर ग्राउंडकडची कॉइल बंद होते, हॉटला (सिग्नलच्या वायरला) नेला तर हॉटकडची. वायरचे रंग कंपनीगणिक बदलतात, तेव्हा आकृती तुमच्याच पिकअपची घ्या. सोल्डर केल्यावर तारा चढवायच्या आधी अ‍ॅम्प हळू आवाजात लावा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एकेका कॉइलच्या पोलवर टिचकी मारा. जी मोठ्याने ‘टक्’ करेल ती चालू आहे.