खऱ्या गोष्टीचं पुस्तक कुणाला देऊ नये

बड्डे, वास्तुशांत, रिटायरमेंट काही आलं की तुम्हाला पुस्तक द्यायची खुमखुमी येते, आणि कादंबऱ्या हल्ली कोण वाचतंय म्हणून तुम्ही खऱ्या घडलेल्या गोष्टीचं पुस्तक घेऊन जाता. न्या की. फक्त एक पथ्य पाळा, ती गोष्ट वाचणाऱ्याच्या घरापासून जितकी लांब घडलेली असेल तितकं बरं.

आता आमचे भावोजी बघा, परळला टॉवरमध्ये 34 व्या मजल्यावर गेलेत. त्यांना बिनधास्त एव्हरेस्ट द्या. जॉन क्राकॉरचं 'इन्टू थिन एअर', 1996 चा मे महिना, भरपूर पैसे मोजून शिखर चढायला आलेली मंडळी, वादळात आठ जण गेले आणि लिहिणारा स्वतः त्या डोंगरावर होता. एसी 18 वर ठेवून वाचलं की हळहळायला काय मजा येते म्हणून सांगू! पण नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून लिहिलेलं पुस्तक चुकूनही देऊ नका. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि हे वाचता वाचता भावोजी बाल्कनीत आले, खाली बघितलं, आपण नक्की कशाच्या जागेवर उभे आहोत हे डोक्यात आलं तर? संध्याकाळच्या चहाची वाट लागेल हो.

स्टार्टपवाला भाचा असेल तर त्याला कुठलंच पुस्तक देऊ नका, त्याला टेकअवे लागतो, म्हणजे वाचून हाती काय लागलं ते. मी हौसेने गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' दिला होता. वरसईचा माणूस, घरावर कर्ज, चार पैसे मिळतील म्हणून 1857 मध्ये उत्तरेला निघाला आणि थेट बंडात सापडला, झाशी पडली तेव्हा हा आत होता, जीव वाचवून शेवटी आईवडलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी आला. भाचा म्हणाला, मामा, म्हणजे आरओआय काय आला? गुंतवलं किती, परत आलं किती? (पुस्तक परत मागून घेतलं, त्याने त्यावर मोबाईलचा स्टँड केला होता.)

क्राईम सिरीजवाल्यांचं सोडा, खुनी कोण हे आधी कळलं की ते संपले.

सगळ्यात डेंजर केस म्हणजे खरोखर वाचणारा माणूस. आमची डोंबिवलीची आत्या. आयुष्यभर लोकलमध्ये उभ्याने वाचून काढलेली बाई, आता रिटायर झाल्यावर तर विचारूच नका. चुलतभावाने अंधेरीला, सहारच्या बाजूला फ्लॅट घेतला, त्याला द्यायला मी मूर्खासारखं कॅथरिन बू यांचं अण्णावाडीवरचं 'बिहाइंड द ब्युटिफुल फॉरेव्हर्स' घेतलं, 2012 चं, विमानतळाच्या जागेवरची ती झोपडपट्टी, भंगार विकून जगणारा अब्दुल, बाई तीनेक वर्षं तिथे जात होत्या. त्या वस्तीसमोर ती झाकणारी इटालियन टाईल्सच्या जाहिरातीची भिंत होती, 'ब्युटिफुल फॉरेव्हर' लिहिलेली, पुस्तकाचं नाव त्यावरूनच आलं. वास्तुशांतीच्या आधीच आत्याने सहज बघू म्हणून पिशवीतून काढलं आणि चार दिवस परत दिलंच नाही.

वास्तुशांतीला भाऊ सगळ्यांना बाथरूम दाखवत होता. आत्या दारात उभी राहिली, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाळा, ह्या टाईल्स इटालियन का रे?"