एकभुक्त जनरल आणि सत्तर-तीसचा हिशोब

परवा कट्ट्यावर पक्या बँकॉकची ट्रिप सांगत होता, म्हणजे तेच, मॉल, मसाज, ट्रॅफिक. पण मधेच म्हणाला चतुचक मार्केटजवळ एकदम स्वस्त शाकाहारी जेवण मिळालं, तर मास्तर लगेच म्हणाले, ते चामलोंगच्या पंथाचं असणार. कोण चामलोंग? झालं, दुसरा चहा सांगावा लागला.

चामलोंग श्रीमुआंग, थायलंडच्या लष्करातला मेजर जनरल. १९८० मध्ये पंतप्रधान प्रेम तिन्सुलानोंदांचा सेक्रेटरी होता, वर्षभरात गर्भपाताच्या कायद्यावरून पद सोडून मोकळा. सांती असोक नावाच्या कडक बौद्ध पंथातला, दिवसातून एकदाच जेवायचं, तेही शाकाहारी, झोपायचं चटईवर, आणि लग्न झालेलं असून ब्रह्मचर्य. असा माणूस १९८५ ला बँकॉकचा गव्हर्नर म्हणून निवडून आला आणि १९९० ला परत आला. शेतकरी घालतात तसला निळा सदरा घालून ऑफिसात. बंड्या खूश, "म्हणजे आपले राळेगणवाले अण्णाच की!" मास्तर म्हणाले, अण्णा कधी इलेक्शनला उभे राहिले का? हा राहिला, पक्षपण काढला, पालांग धर्म.

खरी मजा १९९२ ची. आदल्या वर्षी सैन्याने सत्ता घेतली, निवडणूक झाली आणि शेवटी पंतप्रधान कोण तर जनरल सुचिंदा, जो खासदार म्हणून निवडूनच आलेला नव्हता. चामलोंग मे महिन्यात उपोषणाला बसला, काही दिवसांनी ते सोडून मोर्चाच्या पुढे उभा राहिला. मागणी एकच, पंतप्रधान निवडून आलेला पाहिजे. १७ मेच्या रात्री सनाम लुआंगच्या मैदानातून मोर्चा निघाला, मग गोळीबार, सरकारी आकड्यानुसारच ५२ मेले. २० मेला राजाने दोघांनाही बोलावून घेतलं, आणि दोघं जनरल गालिच्यावर बसून राजाची बोलणी खातायत हे अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितलं. पक्याने लगेच मोबाईलवर तो व्हिडिओ काढला, आम्ही पाच जण त्या एवढ्याशा स्क्रीनवर वाकलेले. चार दिवसांत सुचिंदा गेला. चामलोंगला त्या वर्षी मॅगसेसे मिळाला, पंडित रविशंकरांनाही त्याच वर्षी.

"बघा!" बंड्या. "थांब रे," मास्तर म्हणाले. लोकांना मरायला नेलं हा ठपका त्याच्यावर बसला तो पुसला गेलाच नाही, १९९६ ला गव्हर्नरकीला परत उभा राहिला तर पडला. आणि ह्यानेच पालांग धर्मात आणलेला श्रीमंत उद्योगपती कोण माहितीये? थाकसिन शिनावात्रा. तोच पुढे भरपूर मतांनी पंतप्रधान झाला आणि त्यालाच घालवायला २००६ ला चामलोंग पिवळ्या शर्टवाल्यांसोबत, म्हणजे राजाच्या बाजूच्या थाकसिनविरोधी आंदोलकांसोबत, रस्त्यावर. सप्टेंबरला रणगाडे आले, थाकसिन गेला. २००८ ला परत तेच, सरकारी कचेरी ताब्यात, नंतर विमानतळ बंद, हजारो प्रवासी अडकलेले.

"पण थाकसिन भ्रष्ट होता ना?" बंड्या. असेल, माझंही तेच म्हणणं होतं, तोपर्यंत. मग मास्तरांनी सांगितलं की २००८ ला त्या आंदोलनाने मांडलेली 'नवं राजकारण' ही कल्पना काय होती, तर संसदेत ७० टक्के नेमलेले आणि ३० टक्के निवडून आलेले! म्हणजे ९२ ला ज्या एका मुद्द्यावर माणसं मेली, तोच मुद्दा सोळा वर्षांनी उलटा करून त्याच्याच व्यासपीठावर. पक्या म्हणाला म्हातारा बदलला. मला नाही पटलं. मला वाटतं तो पहिल्यापासून तसाच, चांगली माणसं वर बसली पाहिजेत एवढंच त्याला कळत होतं, ९२ ला वाईट माणूस युनिफॉर्ममधे होता आणि नंतर मतपेटीतून आला. मतं मोजणं हे त्याच्या धर्मात नव्हतंच मुळी. मास्तर म्हणाले हे जरा जास्तच होतंय, तो स्वतः दोनदा मतांवरच निवडून आलाय. हो, ते आहे.

२०१९ ला त्या २००८ च्या कचेरीच्या ताब्यावरून कोर्टाने त्याला ८ महिने कैद दिली, वय ८३. मे महिन्यात नव्या राजाच्या राज्याभिषेकाच्या माफीत सुटला.

"पण पैसा तर नाही ना खाल्ला त्याने?" बंड्या अजून तिथेच अडकलेला. नाही, म्हटलं, जेवायचाच एकदा. ह्यावर मास्तरसुद्धा हसले आणि टपरीवाल्याने पातेली घासायला काढली.